कामावर बोट गेलं, हात गेला: भरपाई कोणाकडून, किती आणि कशी मिळवायची

जखमी कामगाराला दवाखान्यात आणलं की डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, ‘कसं लागलं?’ या प्रश्नाचं जे उत्तर केसपेपरवर उतरतं, त्यावर पुढची सगळी केस उभी राहते किंवा पडते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत, उद्यमनगरातल्या गल्ल्या, इचलकरंजीचे माग, कोल्हापूर जिल्ह्यातला कुठलाही कारखाना घ्या. सोबत आलेला सुपरवायझर ‘गाडीवरून पडला’ किंवा ‘घरी लागलं’ असं सांगून मोकळा होतो. कामगार कळा सोसत असतो, घरचे अजून पोचलेले नसतात आणि ‘मालक सगळं बघतो म्हणालेत’ या एका वाक्यावर सगळे गप्प बसतात. पुढे भरपाई मागायला गेलं की समोरचा वकील सगळ्यात आधी हाच केसपेपर काढून दाखवतो.

म्हणून भरपाईचं काम दवाखान्याच्या दारातच सुरू होतं.

पहिले दोन दिवस

बोट तुटून वेगळं झालं असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका, पेशी मरतात आणि जोडण्याची शक्यता जाते.

डॉक्टरांना सरळ सांगा: अमुक कारखान्यात, अमुक मशिनवर, इतक्या वाजता, काम करताना लागलं. ही केस पोलिसांना कळवायची आहे, एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद करा, असंही सांगा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात ही नोंद होतेच. खासगी दवाखान्यात मात्र मालकाच्या ओळखीमुळे ती टाळली जाते, तेव्हा आग्रह धरा. केसपेपरवर चुकीचं लिहिलं गेलं असेल तर डिस्चार्ज होण्याआधी लेखी अर्ज देऊन दुरुस्ती मागा आणि त्या अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. सहा महिन्यांनी केलेली दुरुस्ती कोणी मानत नाही.

त्याच दिवशी एखाद्या सहकाऱ्याला मशिनचे फोटो काढायला सांगा, आणि ते मशिन धुऊनपुसून सारखं करण्याआधी. पॉवर प्रेसवर दोन्ही हातांनी एकदम दाबायची दोन बटणं असतात. उत्पादन वाढावं म्हणून त्यातलं एक चिकटपट्टी लावून कायम दाबून ठेवलेलं असतं, किंवा पुढचं गार्ड काढून कोपऱ्यात ठेवलेलं असतं. हा फोटो फार मोलाचा आहे. कामगाराने सुरक्षासाधन मुद्दाम काढलं, असा बचाव कायद्याने मालकाला दिलेला आहे. ते कोणी काढलं, कोणाच्या सांगण्यावरून काढलं आणि किती दिवसांपासून तसंच होतं, हे पोलिसांकडच्या जबाबात आलं पाहिजे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कोल्हापूर कार्यालयातही लेखी तक्रार द्या. तिथले निरीक्षक कारखान्याची पाहणी करू शकतात. भरपाई देणं त्यांच्या हातात नसलं, तरी त्यांचा अहवाल पुढे उपयोगी पडतो.

आधी पाहा: ईएसआय आहे का?

भरपाईच्या मुख्य वाटा दोन. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, असेल तर पैसे तिच्या महामंडळाकडून मिळतात. नसेल तर ते थेट मालकाने द्यायचे. एकाच अपघातासाठी दोन्हीकडून मिळत नाही, त्यामुळे हे पहिल्यांदा ठरवावं लागतं.

दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेली आस्थापना आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार (अपंग कामगारासाठी २५,०००), असं असेल तर ईएसआय लागू होते. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पगारपत्रकावर कपात दिसते का आणि विमा क्रमांक आहे का, ते पाहा.

इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. मालकाने नोंदणी केली नाही म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही. कारखाना ईएसआयच्या कक्षेत येत असेल तर नोंद नसलेला कामगारही विमाधारकच धरला जातो. महामंडळ त्याला हितलाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. त्यासाठी तो तिथे कामाला होता हे सिद्ध करावं लागतं, त्याचे पुरावे पुढे सांगितले आहेत. काही मालक अपघातानंतर घाईने नोंदणी करून रुजू तारीख पुढची टाकतात. त्या कागदावर सही करू नका. खरी रुजू तारीख लेखी कळवा, नाहीतर अपघात नोकरीच्या आधीचा ठरेल.

ईएसआयची वाट

मालकाने अपघाताचा अहवाल, म्हणजे फॉर्म १२, शाखा कार्यालयाकडे पाठवायचा असतो. तो गेला का, हे स्वतः जाऊन विचारा. नसेल गेला तर तुमचा अर्ज द्या, सोबत केसपेपर आणि साक्षीदारांची नावं जोडा.

अपघात कामावरचा म्हणून मान्य होणं हा इथला कळीचा मुद्दा. मान्य झाला तर कामावर जाता येत नाही तोवर सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात. दिवसांची मर्यादा नाही आणि वर्गणी किती महिने भरली हेही पाहिलं जात नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. तेच प्रकरण साध्या आजारपणात टाकलं गेलं तर ७० टक्के, तेही वर्षाला ९१ दिवसच, आणि कायमच्या अपंगत्वाचा रस्ता बंद. ‘आधी आजारपणाची रजा टाकू, मग बघू’ हा सल्ला त्यामुळे घातक आहे.

जखम भरली पण कायमचं नुकसान राहिलं, तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर पैसे मिळतात. समजा सरासरी रोज ६०० रुपये आहे. ९० टक्क्यांनी ५४० झाले. मंडळाने २० टक्के नुकसान धरलं तर रोजचे १०८, म्हणजे महिन्याला सुमारे ३,२४०, कामावर परत गेल्यावरही. रक्कम लहान वाटते, पण ती तिशीतल्या माणसाला हयातभर मिळायची आहे. टक्के कमी दिले असं वाटलं तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा कामगार विमा न्यायालयात जाता येतं.

ईएसआय नसेल तर: मालकाकडून भरपाई

उद्यमनगरातलं सहा-सात माणसांचं जॉबवर्कचं शेड, लहान गॅरेज, गावाकडचं गुऱ्हाळ, बांधकामाची साइट, इथल्या बहुतेकांची वाट ही आहे. १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा यासाठी होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. त्या तारखेआधीचा अपघात जुन्या कायद्याखाली येतो. हिशेबाची पद्धत दोन्हीकडे तीच आहे: पगार, वय आणि अपंगत्वाचे टक्के. संहितेत घर ते काम या प्रवासातला अपघातही, वेळ आणि ठिकाण कामाशी जुळत असेल तर, कामावरचाच धरला जातो.

इथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. ‘तुझ्याच निष्काळजीपणामुळे झालं’ हे उत्तर चालत नाही. नशेत असणं, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणं आणि सुरक्षासाधन मुद्दाम काढणं, एवढेच तीन बचाव आहेत. मृत्यू झाला किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर हे तीनही लागू होत नाहीत.

आता हिशेब. मृत्यूसाठी महिन्याच्या पगाराच्या ५० टक्के गुणिले वयाचा गुणांक. कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी ६० टक्के गुणिले तोच गुणांक. अंशतः अपंगत्व असेल तर या दुसऱ्या रकमेचे तितके टक्के. २० व्या वर्षी गुणांक २२४.०० आहे, ३० ला २०७.९८, ४० ला १८४.१७ आणि ५० ला १५३.०९. जानेवारी २०२० पासून जुन्या कायद्यात हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० धरला जातो, हातात २२,००० येत असले तरी. त्या कायद्यात मृत्यूसाठी किमान १,२०,००० आणि संपूर्ण अपंगत्वासाठी किमान १,४०,००० ठरलेले आहेत. संहितेत पगारमर्यादा आणि किमान रक्कम अधिसूचनेने ठरते, त्यामुळे अपघाताच्या तारखेला लागू असलेला आकडा सहायक कामगार आयुक्त कार्यालयातून घ्या.

उदाहरण जुन्या कायद्याचं, म्हणजे आकडे पक्के राहतील. सात माणसांच्या शेडमधला ३० वर्षांचा प्रेस ऑपरेटर, पगार १८,०००, एका हाताची दोन बोटं गेली. पगार धरायचा १५,०००. त्याचे ६० टक्के ९,०००. गुणिले २०७.९८ म्हणजे १८,७१,८२०. दोन बोटांना कायद्याच्या परिशिष्टात २० टक्के आहेत, म्हणून भरपाई ३,७४,३६४ रुपये. उपचाराचा खर्च यात धरलेला नाही, तो बिलाप्रमाणे वेगळा मिळतो. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं असेल तरी ते या रकमेतून वळतं करता येत नाही. ‘ऑपरेशनला दीड लाख घातले, आता कसली भरपाई’ असं ऐकून गप्प बसलेल्या प्रत्येक घराला हे कळायला हवं.

परिशिष्टातले नेहमी लागणारे आकडे असे: अंगठा ३० टक्के, अंगठ्याचं टोकाचं पेर २०, तर्जनी पूर्ण १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, तीन बोटं ३०, चारही बोटं ५०, संपूर्ण पंजा ६०. एक डोळा समूळ गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४०, डोळा जागेवर असून त्याची दृष्टी गेली तर ३०. मागावरचा धोटा उडून डोळ्याला लागतो, तेव्हा हे शेवटचे दोन आकडे महत्त्वाचे.

तात्पुरत्या अपंगत्वात, म्हणजे प्लास्टर आहे, चार महिने काम नाही अशा वेळी, दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचे २५ टक्के मिळतात. १५,००० पगाराला ते ३,७५० होतात. अपंगत्व २८ दिवसांपेक्षा कमी असेल तर पहिले तीन दिवस धरत नाहीत.

टक्केवारीचा दाखला

प्रकरणं सगळ्यात जास्त इथे कमजोर होतात. दिव्यांग प्रमाणपत्रावरचे टक्के शरीराचे असतात. भरपाईला लागतो तो कमाईची क्षमता किती टक्के घटली याचा दाखला, आणि दोन्हींत मोठी तफावत पडू शकते. उजव्या हाताची पकड गेलेला वेल्डर शरीराने ३५ टक्के अपंग असेल, पण वेल्डिंग तो कधीच करू शकणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये प्रताप नारायण सिंग देव यांच्या प्रकरणात डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या सुताराचं नुकसान १०० टक्के धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. ‘हा माणूस काय काम करत होता आणि ते आता करू शकतो का’ याचं उत्तर दाखल्यात स्पष्ट शब्दांत यायला हवं. डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगा, जमलं तर कामाचा व्हिडिओ दाखवा. आणि ते साक्ष द्यायला येतील का, हे दाखला घेण्याआधी विचारा. डॉक्टर साक्षीला आले नाहीत तर दाखल्यावर समोरची बाजू हमखास बोट ठेवते.

तुमची नोटीस मिळाल्यावर तीन दिवसांत मालकाने स्वतःच्या खर्चाने डॉक्टरी तपासणी देऊ केली तर नाकारू नका. नाकारलं तर तपासणी होईपर्यंत भरपाईचा हक्क थांबतो. जा, पण तिथे कोऱ्या कागदावर सही करू नका.

‘हा आमचा कामगार नाही’

हे उत्तर येणारच असं धरून चाला. पगार रोखीत असेल तर पुरावा तुकड्यातुकड्यांनी जमवावा लागतो: हजेरी कार्ड, गेटपास, मालकाच्या खात्यावरून आलेले यूपीआयचे पैसे, ‘उद्या लवकर ये’ असे व्हॉट्सअॅपचे मेसेज, दिवाळीच्या बोनसचं पाकीट, कारखान्यातल्या खंडेनवमीच्या पूजेचा फोटो. शेजारच्या शेडमधले आणि चहावाले साक्षीदार म्हणून चालतात. आतले सहकारी नोकरीच्या भीतीने मागे हटतात, त्यांना दोष देऊ नये. त्यांच्याकडून जे फोटो आणि मेसेज मिळतील ते पहिल्याच आठवड्यात घ्या. पगाराचा कागदच नसेल तर त्याच भागातल्या तशाच कामाचा पगार किंवा त्या उद्योगाचं किमान वेतन पुढे ठेवता येतं.

ठेकेदाराकडून आलेल्या कामगाराने ठेकेदार आणि मूळ कारखाना अशा दोघांनाही अर्जात सामील करावं. काम कारखान्याच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असेल आणि अपघात त्याच्या आवारात किंवा ताब्यातल्या जागेत झाला असेल, तर भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. तो नंतर ठेकेदाराकडून वसूल करेल. गुऱ्हाळावर चरक्यात हात गेलेला मजूर असो की चुलवाणात जळण घालताना भाजलेला जळव्या, रोजगार गुऱ्हाळमालक देतो की मुकादम, हे आधी स्पष्ट करून घ्या आणि शंका असेल तर दोघांनाही नोटीस द्या.

ट्रकचा ड्रायव्हर किंवा क्लीनर गाडीच्या अपघातात जखमी झाला तर मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा ही वाट, यांतली एकच निवडावी लागते. ड्रायव्हरचीच चूक असेल तर ही वाट सोपी, कारण इथे चूक कोणाची हे पाहत नाहीत.

धुळीच्या आजारांना वेगळी जागा आहे. फाउंड्रीत वाळू आणि फेटलिंगच्या (ओतीव भाग घासून साफ करण्याच्या) धुळीने होणारा सिलिकोसिस, सूतगिरणीत कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस, साखर कारखान्यात बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) धुळीने होणारा बगॅसोसिस हे व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत. छातीचा एक्स-रे टीबीचा म्हणून वाचला जाण्याआधी डॉक्टरांना कामाची वर्षं आणि विभाग सांगा.

नोटीस, अर्ज, मुदत

पहिलं पत्र मालकाला. त्यात नाव, पत्ता, अपघाताची तारीख, वेळ, जागा, मशिन, कारण, जखम, पगार आणि वय एवढंच लिहा. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. मालकाला अपघात माहीत होता हे दाखवता आलं तर नोटीस नसल्यामुळे दावा पडत नाही, पण एवढ्या साध्या पत्रासाठी वाद ओढवून घेऊ नये.

दावा दोन वर्षांच्या आत दाखल करायचा, अपघाताच्या किंवा मृत्यूच्या तारखेपासून. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण ‘मालक देतो म्हणत होते’ हे कारण कधी टिकतं, कधी टिकत नाही. जुन्या कायद्याखाली कोल्हापुरात कामगार न्यायालयाचे न्यायाधीश भरपाई आयुक्त म्हणून हे दावे चालवत आले आहेत. संहितेत आयुक्ताच्या जागी सक्षम प्राधिकारी आहे. नव्या अपघाताचा अर्ज कुठे दाखल करून घेतात, ते सहायक कामगार आयुक्त कार्यालयात विचारून मगच टाका. अपघात जिथे झाला किंवा अर्जदार जिथे राहतो, यांतल्या कुठल्याही ठिकाणी दावा चालतो. बाहेरगावच्या मजुराला म्हणून स्वतःच्या जिल्ह्यातूनही लढता येतं. मालकाने कामगार भरपाईची विमा पॉलिसी काढली असेल तर विमा कंपनीलाही सामील करा.

भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते. एक महिन्यात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. वरच्या उदाहरणात व्याजच वर्षाला सुमारे ४४,९०० होतं. अर्जात व्याज आणि दंड दोन्ही स्पष्ट मागा. दंड मालकाने स्वतः भरायचा असतो, तो विमा कंपनीवर ढकलता येत नाही.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. औद्योगिक कामगार, महिला, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींना मोफत वकील मिळतो. युनियनचा पदाधिकारीही कामगाराच्या वतीने उभा राहू शकतो.

पन्नास हजारांचं व्हाउचर

दवाखान्यातून घरी आल्यावर मालकाचा माणूस येतो. पन्नास हजार हातावर ठेवतो आणि ‘माझी काही तक्रार नाही’ अशा स्टॅम्पपेपरवर सही मागतो. घरात पैसे नसतात, सही होते. झाली असेल तरी सगळं संपलं असं समजू नका. कायद्याने मिळणारा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो. आपसात रक्कम ठरली तर तो करार आयुक्तांकडे नोंदवावा लागतो, आणि नोंदवला नसेल तर मालक पूर्ण भरपाईला बांधील राहतो. दिलेल्या पैशांपैकी निम्म्यापेक्षा जास्त वजावटही त्याला सहसा मिळत नाही. पैसे गरजेचे असतील तर घ्या, पण पावतीवर ‘उचल म्हणून’ किंवा ‘उपचारासाठी’ असं स्वतःच्या हाताने लिहा आणि फोटो काढून ठेवा.

मृत्यू झाला असेल तर

भरपाई मालकाने आयुक्तांकडे जमा करायची असते. वारसांच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरत नाहीत, फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल वजा होऊ शकते. ४० वर्षांचा कामगार आणि पगार १२,००० असेल तर ६,००० गुणिले १८४.१७ म्हणजे ११,०५,०२० रुपये. शवविच्छेदन अहवाल, पंचनामा आणि फिर्यादीची प्रत पोलीस ठाण्यातून लगेच मागा. ईएसआय असेल तर रोजच्या ९० टक्के हितलाभातले तीन पंचमांश विधवेला आणि दोन पंचमांश प्रत्येक मुलाला. बेरीज पूर्ण रकमेच्या वर गेली तर सगळ्यांचे वाटे त्या प्रमाणात कमी होतात.

शेजारच्या रकमाही तपासा. पीएफ कापला जात असेल तर त्याच्याशी जोडलेल्या विम्यातून वारसांना ७ लाखांपर्यंत मिळतात. बँकेच्या पासबुकात दरवर्षी २० रुपयांची कपात दिसत असेल तर तो पंतप्रधान सुरक्षा विमा आहे: अपघाती मृत्यूला २ लाख. बांधकाम कल्याणकारी मंडळात नोंद असलेला कामगार कामावर मरण पावला तर वारसांना ५ लाख. यांतलं काहीही मालकाच्या भरपाईतून वजा होत नाही.

निकालानंतर

मालकाला अपील करायचं असेल तर मुदत ६० दिवसांची, आणि आधी पूर्ण रक्कम भरावी लागते. हे अपील उच्च न्यायालयात जातं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही.

अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर वसुली दाखला मागा. ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते आणि दाखला तहसीलदारांकडे जातो. तिथे तो महिनोन्महिने पडून राहण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मालमत्तेचा तपशील नसणं. मालकाच्या शेडचा गट किंवा प्लॉट क्रमांक, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डाचा उतारा, बँकेचं नाव आणि गाड्यांचे क्रमांक अर्जाला जोडा, आणि दर पंधरा दिवसांनी जाऊन वसुली लिपिकाकडून पुढची तारीख लिहून घ्या.